सुदाम्याचे दोन भूतकाळ

एवढी घाई कसली होती रे तुला, सुदाम्या?

परवा तुझं दहावं झालं. तुझी अख्खी भाऊकी कापडे गावच्या नदीवर उन्हात उभी होती. मी महाडाहून पहिल्या एसटीनं येऊन थडकलो होतो, कारण मला पक्की खात्री होती की कावळा अडून बसणार. बसायलाच हवा होता. ज्याचं एवढं मोठं काम अर्धं राहिलंय, त्याच्या पिंडाला कावळा सहजासहजी शिवतो होय? मी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. आधी तुझा प्रकाश म्हणेल, "घराची काळजी करू नका, आण्णा." मग वैशाली, तुझी सून, काहीबाही कबूल करेल. तरी कावळा यायचा नाही. मग मी पुढे होणार, हात जोडणार आणि सगळ्यांच्या देखत सांगणार, "सुदाम, त्या पेरू देशातल्या पोरीला मी सांगतो. तुझं राहिलेलं मी पुरं करतो." आणि मग कावळा येणार.

आणि तू काय केलंस? प्रकाश पिंड ठेवून मागे सरतो न सरतो, तोच कावळा झाडावरनं उतरला आणि भात उचलून गेलासुद्धा! भटजी म्हणाले, "समाधानानं गेले हो." सगळ्यांनी हुश्श केलं. माझं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. समाधानानं म्हणे! मला तुझा असा संताप आला म्हणून सांगू. उभा जन्म जहाजावर काढलास, तिथं प्रत्येक बंदरात उशीर, आणि इथं मात्र एका मिनिटाची सवड दिली नाहीस.

तसा तू आयुष्यभर मला बोलू दिलं नाहीसच. त्या दिवशीही तेच. गणपती होऊन गेले होते. मी तळ्यावर फेरी मारून घरी येतोय, तर तू पायरीवर बसलेला. हातात फोन, आणि चेहरा असा की मला वाटलं कुणीतरी गेलं. चहासुद्धा नको म्हणालास. "मास्तर, मला भूतकाळ शिकव."

मी हसलो. जन्मभर हायस्कुलात मराठीचं व्याकरण शिकवून मी निवृत्त झालेला, आणि तू सातवीत माझ्या पाटीत बघून पास झालेला. म्हटलं, "आता साठी उलटल्यावर अक्कल आली होय रे?"

"मराठीचा नाय रे बाबा," तू म्हणालास. "स्पॅनिशचा."

मग तू फोन माझ्या नाकासमोर धरलास. वैशालीनं तुझा एक जुना फोटो फेसबुकवर टाकला होता. जहाजाचं डेक, तू ॲप्रन बांधून डेगीजवळ उभा, आणि शेजारी तुझ्या खांद्यावर हात टाकून हसणारा एक दांडगा गडी. रामोन. तू जहाजावर स्वयंपाकी, तो इंजिनात. केबिन एकच, खालचा बंक तुझा, वरचा त्याचा. त्यानं तुला स्पॅनिश शिकवलं आणि तू त्याला सुकटीची चटक लावलीस, एवढं मी तुझ्याकडून शंभरदा ऐकलेलं. तो फोटो बघून पेरू देशातल्या काय्याओ बंदरातून एका बाईनं तुला निरोप पाठवला होता. तिचं नाव मारिसोल. रामोनची मुलगी. बाप शेवटचा जहाजावर गेला तेव्हा ती पाळण्यात होती. तिनं विचारलं होतं, "कोमो एरा मि पापा?" माझे बाबा कसे होते?

तू उत्तर ठोकून दिलं होतंस. तुझं स्पॅनिश जहाजावरचं. तिथं आज काय शिजवायचं आणि उद्या कुठलं बंदर लागायचं, एवढंच बोलणं. काल गेला तो पाण्यात. कधी कालचं काही सांगायची पाळी आलीच तर तू वर्तमानकाळातल्या वाक्याच्या शेपटीला 'आयेर', म्हणजे काल, बांधून मोकळा व्हायचास. काल मी जेवतो. काल आम्ही येतो. तसंच तिलाही लिहिलंस, "तुझा बाप चांगला आहे. भात फार खातो. माझ्या वरच्या बंकावर झोपतो."

तिचं उलट उत्तर आलं ते वाचून तू माझ्याकडे आला होतास. तिनं लिहिलं होतं, तुमचा निरोप वाचून वाटलं, बाबा आत्ता बंकावरून खाली उतरतील. मी खूप रडले. पण एक विचारू का? घरात सगळे सांगतात की बाबांनी दुसऱ्या बंदरात दुसरा संसार थाटला होता, म्हणून ते वर्षानुवर्षं घरी आले नाहीत. आई त्यांचं नावसुद्धा काढत नाही. तुम्ही त्यांच्याबरोबर राहत होता. हे खरं आहे का?

"कसलं खरं!" तू पायरीवर हात आपटलास. "माझ्या डोक्यावर झोपायचा तो. दुसरा संसार काय इंजिनात मांडला व्हता? घरी उतरलो तर परत चढवनार नायत, ह्या भीतीनं एकामागं एक करार करत गेला. मीपन तसाच गेलो की. आनि हे मला तिला सांगायचं हाय, तर तोंडात सगळा आजच! आजच्यात हे सांगता येत नाय, मास्तर."

मी म्हटलं, फोनमध्ये मराठीत बोल, तो भाषांतर करून देईल. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी तुझ्या ताटात मीठ जास्त टाकलंय. "मग ते मशिनीनं सांगितलं असं व्हईल. मशीन व्हती काय तिकडं? मी व्हतो." मग पुण्यात क्लास असतात, तिकडे जा म्हटलं. तर म्हणालास, "पुन्याच्या मास्तराला शिव्या देता येनार नायत मला." झालं. संपला विषय.

आता मला स्पॅनिशचा गंध नव्हता. पण तुला 'येत नाही' म्हणणं माझ्या स्वभावात नाही, हे तुला ठाऊक होतं. मी पुस्तक मागवलं, मोबाइलवर धडे बघायला लागलो, स्नान करताना क्रियापदं म्हणायला लागलो. आमची ही म्हणाली, "अहो, निवृत्त झालात ना? मग हे कुणाचे श्लोक?" मी तुझ्यापुढे फक्त दोन धडे असायचो रे. तुला ते कळत होतं. तू बोलला नाहीस कधी, ते एक बरं केलंस.

पहिल्या दिवशी मी सांगितलं, स्पॅनिशमध्ये आपल्या कामाचे भूतकाळ दोन. एक झालं, संपलं, दार लावलं, असा. दुसरा, घडत होतं किंवा नेहमी घडायचं, असा. 'कोमी' म्हणजे मी खाल्लं. 'कोमीया' म्हणजे मी खात होतो, किंवा खायचो.

तू म्हणालास, "म्हंजे आलो नि यायचो."

"अगदी तसंच."

"मंग हे मला येतंच की! उगाच एसटीत हाडं खिळखिळी करून आलो."

येत होतं, पण मराठीत. स्पॅनिशमध्ये तोंड उघडलं की तू पुन्हा आजमध्ये घसरायचास. मग मी फळ्यावरच्यासारखं वाक्य घातलं, 'पाऊस पडत होता, तेवढ्यात एसटी आली.' म्हटलं, पाऊस पडत होता तो चालू, त्याला दुसरा काळ. एसटी आली ती एकदाच, तिला पहिला. तू विचारलंस, "आनि एसटी आलीच नाय तर?" मी म्हटलं, "तर पाऊस पडतच राहील आणि वाक्य भिजत उभं राहील." तू म्हणालास, हे पोलादपूरच्या स्टँडवर रोज होतं, आता कळलं मला. त्या दिवसापासून तू चुकला नाहीस. माझ्या सगळ्या नोकरीत असा विद्यार्थी मिळाला नव्हता, आता सांगायला हरकत नाही.

किती हसवायचास रे. भाकरी खाल्ली, भात खाल्ला, आंबे खाल्ले, असं आपल्याकडे जे खाल्लं त्याप्रमाणे क्रियापद बदलतं. तिकडे काहीही खा, कोमी ते कोमीच. तू मान डोलावलीस, "खाल्लेल्याची चौकशी करत नायत. भली मान्सं हायत." 'फुई' म्हणजे मी गेलो, आणि 'फुई' म्हणजेच मी होतो, हे मी जरा घाबरतच सांगितलं, कारण मलाच ते पटत नव्हतं. तू मात्र पुस्तक मिटलंस. मग म्हणालास, "खलाशाचं बरोबर तसंच असतं बघ." नियम मोडणाऱ्या क्रियापदांची रांग लागली तेव्हा कपाळाला हात लावलास. आमच्या भाऊकीतपण एवढी मोडणारी नायत, म्हणालास.

मग आपण रामोनच्या आठवणी काढायला लागलो. एकेक आठवण काढायची आणि ती कुठल्या काळात जायची ते ठरवायचं. भातावर सुकट घ्यायचा, वर लिंबू पिळायचा, डोळे मिटून खायचा, ते सगळं दुसऱ्या काळात. बंदर लागलं की फोनसाठी रांगेत उभा राहायचा आणि नंबर येईस्तोवर जहाज सुटायची वेळ व्हायची, तेही दुसऱ्यात. एकदाच फोन लागला, तो पहिल्यात. पलीकडे मूल रडत होतं, ते दुसऱ्यात. फोन कट झाला, पहिल्यात. हे वाक्य तू बिनचूक म्हटलंस, आणि मी 'शाब्बास' म्हणायच्या आधीच उठून माझ्या परसात जाऊन उभा राहिलास. मीही आलो नाही मागे.

रामोन आजारी पडला, त्याला बंदरात उतरवलं, तिथल्या दवाखान्यात तो गेला. मी तुला शब्द दिला, 'मुरियो'. मेला. तू तो म्हणायला तयारच नाही. "जहाजावरचा मानूस मरत नाय, उतरतो. उतरला म्हन." मग आपण 'उतरला' घेतलं.

आणि ते भांडण. ते राहिलंच की रे!

एकदा मोठं वादळ झालं होतं. जेवण करायला चूल पेटवता येईना, सगळे आपापल्या बंकात अंग आवळून पडलेले. तेव्हा रामोन गायला. सकाळपासून अंधार पडेपर्यंत तेच एक गाणं, पुन्हा पुन्हा. पोरीला पाळण्यात घालून म्हणायचं गाणं, त्यानं स्वतः जुळवलेलं. मासे आणायला गेलेली होडी परत येते, एवढंच त्यात. त्याच्याआधी कधी गायला नाही, त्यानंतरही नाही. मी म्हटलं, "मग 'कांतो'. गायला. एकदाच घडलं, संपलं."

तू म्हणालास, "नाय. 'कांताबा'. गायचा."

"अरे एकदाच गायला ना?"

"एकदाच."

"मग गायचा कसं होईल?"

"मला अजून ऐकू येतो. मंग संपला कुठं?"

मी म्हटलं, ऐकू येतंय ते तुझं, गाणं त्याचं. व्याकरणात असं चालत नाही. तू म्हणालास, व्याकरण कोरड्या जमिनीवर चालत असंल. मी म्हटलं, म्हणून दाखव तरी ते गाणं. तर म्हणालास, "तुझ्यासमोर नाय. तू चूक काढशील." आणि चप्पल घालून चालता झालास. पुढच्या वेळी आलास तो पुन्हा 'कांताबा'वरच. आपण सगळ्या गोष्टी पक्क्या केल्या, ती एक सोडून.

त्याच दिवशी जाता जाता तू म्हणालास, "प्रकाश लहान व्हता तवा मीपन असाच लांब. उद्या तोपन कुनाला तरी इचारंल, बाबा कसा व्हता. त्याला कोन सांगंल?" मी वैतागून म्हटलं, "मी काय मेलोय?" तुला तेवढंच हवं होतं बहुतेक.

मारिसोलशी बोलायचं ठरलं ते रविवारचं. आपल्याकडे सकाळ, तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. तुला याची भारी गंमत. "मी तिला कालचं सांगनार, आनि ती तवा अजून कालमधीच असनार!" आणि शुक्रवारी तू दुपारी जेवलास, ओटीवर आडवा झालास आणि उठलाच नाहीस. वैशालीचा फोन आला तेव्हा मी तुझ्यासाठी एक अवघड क्रियापद घोकत बसलो होतो. पुस्तक तसंच उघडं टाकून मी रिक्षा गाठली.

दहावं झालं, कावळा शिवला, लोक पांगले. मी तुझ्या ओटीवर बसून राहिलो. वैशालीनं तुझा फोन आणून माझ्या हातात दिला. मारिसोलचे निरोप येऊन पडले होते. सगळं ठीक आहे ना? काही चुकलं का माझं? "काय लिहू मी, मास्तरकाका? मला कुठं येतं?" वैशाली म्हणाली. तेव्हा मला कळलं, नदीवर कबूल करायला मिळालं नाही म्हणून मी काही सुटलेलो नव्हतो. शब्द कुणी घेतला नव्हता, तरी काम माझ्यावरच होतं. आणि खरं सांगू? मी स्पॅनिश बोलणारा जिवंत माणूस कधी बघितला नव्हता. तुला सोडून.

आज सकाळी फोन लावला. तुझ्या ओटीवरून, तुझ्याच फोनवरून. शेजारी वैशाली, तिच्या मांडीवर तुझी नात चिमी, चुळबुळ करत. पलीकडे एक स्वयंपाकघर दिसलं, पिवळा दिवा, आणि रामोनसारखेच रुंद खांदे असलेली मारिसोल. मागे कुणीतरी पाठमोरं भांडी घासत होतं. तिची आई.

मी नमस्कार केला आणि पहिलं वाक्य सांगितलं. सुदाम गेला. मी पुस्तकातला शब्द वापरला, 'मुरियो'. तुला आवडला नसता. पण उतरला म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, कुठे? तिनं तोंडावर हात धरला. मग मी तुझं सगळं सांगितलं. आपण ठरवलं होतं त्याच क्रमानं. सुकट, लिंबू, रांग, फोन, रडणारं मूल. जिथे अडखळलो तिथे तिनंच शब्द पुरवला. आणि मग तू इतक्यांदा घोटून घेतलेलं वाक्य, 'नो तेनीया ओत्रा कासा.' त्यांचं दुसरं घर नव्हतं.

ती ऐकत होती. डोळे भरले होते. पण सुदाम, ती म्हणाली, "तुम्ही फार चांगले आहात. पण तुम्ही त्यांच्या मित्राचे मित्र. मेलेल्या माणसाबद्दल कोण वाईट सांगेल?"

मी गारच पडलो. बिनचूक काळ, बिनचूक प्रत्यय, सगळं होतं, आणि पोरीला खरं वाटत नव्हतं. मागे आई भांडी घासतच होती. तिनं मान वळवूनसुद्धा बघितलं नाही. मला वाटलं, संपलं. तुझं काम मी बुडवलं.

शेवटचं म्हणून वादळाचं सांगितलं. म्हटलं, दिवसभर गायला, तुमच्यासाठी पाळण्यात म्हणायचं गाणं. मारिसोलनं विचारलं, "कुठलं गाणं?"

काय सांगू? मला कुठे माहीत होतं? तू म्हणून दाखवलं असतंस तर ना! वैशालीनं माझ्या बाहीला हात लावला. "काय इचारतायत त्या?"

"गाणं कुठलं म्हणून विचारतेय. होडीचं काहीतरी, रामोन गायलेला. मला नाही ठाऊक गो."

"होडीचं? म्हंजे आण्णा सकाळी चूल पेटवताना म्हनायचे त्येच काय? रोज म्हनायचे. आमाला वाटायचं, मुंबईकडचं कायतरी भजन हाय. मी चिमीला त्याच्यावरच निजवते की."

"म्हण," मी म्हटलं. "वैशाली, म्हण गो ते."

"आत्ता? ह्यांच्यासमोर?"

"आत्ताच!"

ती लाजली, पदर सावरला, चिमीला मांडीवर आडवी घेतली, थोपटायला लागली आणि म्हणायला लागली. शब्द पार कापड्याचे झालेले, एकही मला धड ओळखू येईना. 'बार्का' तेवढं कळलं, होडी. पण चाल सरळ, ठाय लयीतली, बंक हलावा तशी डुलणारी. तुझा आवाज मला तिच्यात स्पष्ट ऐकू आला.

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

वैशाली दुसऱ्या ओळीवर आली आणि अडली. तिला पुढचं येत नव्हतं, तुलाही येत नसावं, ती पहिलीच ओळ पुन्हा घ्यायला लागली. तेवढ्यात मागून आवाज आला. म्हातारा, फुटका, अगदी हळू. आईनं तिसरी ओळ उचलली होती. पाठमोरीच होती अजून, हात ओले, नळ तसाच चालू. मग वळली. मारिसोलच्या खांद्यावरून फोनमध्ये वाकली आणि गात राहिली. वैशाली थोपटत राहिली. जिथे हिला येत होतं तिथे दोघी, जिथे येत नव्हतं तिथे ती एकटी. मारिसोल कधी आईकडे बघे, कधी फोनकडे. तिनं हे गाणं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं, तिच्याचसाठी जुळवलेलं असून.

गाणं संपल्यावर आईनं मागे जाऊन नळ बंद केला. मग म्हणाली, हे त्यानं पाळण्याशी बसून जुळवलं. या घराबाहेर कुणाला माहीत नाही. जो विसरला असेल तो भर वादळात हे गाईल कशाला? आणि मग मुलीचा चेहरा दोन्ही ओल्या हातांत धरून तिला भराभर काहीतरी सांगायला लागली. मला त्यातलं निम्मंही कळलं नाही. 'तु पापा' एवढं पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. नाव न काढणारी बाई, सुदाम! तुझ्या ओटीवर बसून मी ढसाढसा रडलो आणि मला त्याची काही लाज वाटली नाही.

तुला नवव्या मिनिटाला कंटाळा येतो म्हणून थोडक्यात सांगतो. पुढच्या रविवारी पुन्हा बोलायचं ठरलंय. आईला सुकट हवी आहे. वैशालीला तिसऱ्या ओळीपासून पुढचं शिकायचंय. मला माझं स्पॅनिश सुधारायला सांगितलंय, ते जरा लागलंच. आणि संध्याकाळी प्रकाश आला की त्याला समोर बसवणार आहे. त्यानं विचारायची वाट बघणार नाही.

फोन ठेवायच्या आधी आईनं मला एक विचारलं. तुमच्या त्या घरात हे गाणं कोण म्हणायचं?

मी चुलीकडे बघितलं. म्हटलं, "सुदाम. सुदाम कांताबा."

तूच जिंकलास, घे. तो कावळा लगेच का आला, तेही कळलं मला; ते गाणं तू आधीच घरात ठेवून गेला होतास. चांगला जेवून गेला लेकाचा, आणि मी इथं वाक्य जुळवत बसलो होतो.

वैशालीला म्हटलं, चिमीला आता खाली ठेव, हात अवघडला असेल. तिनं बोटानं गप्प राहायला सांगितलं. सकाळची वेळ, ऊन पार ओटीवर आलेलं, अंगणात कोंबड्यांचा कालवा, आणि तुझी नात गाढ निजली होती.